गोळ्या घेतल्या, पण त्यांचं नाव बरोबर घेतलंत का?

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न प्रवासाचेच आहेत. मे-जून म्हणजे कोणी मुलीकडे परदेशी चाललंय, कोणी केदारनाथला, कोणी वारीला. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवून यावेळी हेच घेतले. मी डॉक्टर नाही, औषधांच्या दुकानात २४ वर्षं उभी असलेली फार्मासिस्ट आहे, त्यामुळे डोस कमीजास्त करायचा विषय आला की मी तुम्हाला तुमच्या डॉक्टरांकडेच पाठवणार. बाकी गोळी कुठे ठेवायची, कशी न्यायची, कोणता कागद लागतो हे मी रोज काउंटरवर सांगते तेच इथे लिहिते.

नाशिकहून एक ताई लिहितात: माझे सासूसासरे पुढच्या महिन्यात नणंदेकडे न्यू जर्सीला ५ महिन्यांसाठी चाललेत. सासऱ्यांना शुगर आहे, रात्री इन्सुलिनचं पेन, बीपीची गोळी, आणि हार्टचा व्हॉल्व्ह बदललाय म्हणून अ‍ॅसिट्रोम. सासूबाईंना थायरॉईड. औषधं किती न्यायची? आणि सगळ्या गोळ्या खोक्यातून काढून डब्यांत भरल्या तर जागा वाचेल, चालेल ना?

ताई, आधी डब्याचं सांगते कारण सगळा घोळ तिथेच होतो. सुट्या गोळ्या डब्यात भरू नका. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे एक आजोबा आले होते, हातात स्ट्रिपचा कापलेला तुकडा, त्यात २ गोळ्या, फॉइलवर नावाची शेवटची तीन अक्षरं आणि पुढे ४० एमजी, एवढंच. बाकी नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी सगळं आधीच्या तुकड्यांबरोबर कचऱ्यात गेलेलं. आता ४० एमजीची बीपीची गोळी असते, कोलेस्टेरॉलची असते आणि अ‍ॅसिडिटीचीही असते, मी काय समजायचं? शेवटी त्यांच्या सुनेला फोन लावला, तिने कपाटातून जुनी चिठ्ठी शोधली तेव्हा कुठे कळलं. हे घराजवळच्या दुकानात झालं म्हणून निभावलं, तेच विमानतळावर कस्टम्सच्या माणसासमोर झालं तर तिथे फोन कोणाला लावणार? म्हणून अख्ख्या स्ट्रिपच न्या, जमलं तर खोक्यासकट, आणि दुकानाचं पक्कं बिल. घेतानाच दुकानदाराला सांगा की परदेशी चाललोय, स्ट्रिप कापू नका. जागा नसेल तर खोकी चपटी करून आत घाला, पण स्ट्रिपवरचं नाव शाबूत राहिलं पाहिजे. सोमवार ते रविवार कप्प्यांचा डबा चांगलाच असतो, तो नणंदेच्या घरी पोचल्यावर भरा. सासूबाईंच्या थायरॉईडच्या गोळ्या बाटलीत येत असतील तर त्या त्याच बाटलीत राहू द्या, ओल लागली की त्यांचा जोर कमी होतो.

किती न्यायच्या हा दुसरा प्रश्न. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध खात्याने, बाहेरून येणाऱ्यांना सांगितलेलं प्रमाण साधारण ९० दिवसांचं आहे. तुमचा मुक्काम ५ महिन्यांचा. सगळं एकदम नेणारे खूप जण आहेत आणि बऱ्याचदा कोणी विचारतही नाही, हे मला माहिती आहे, पण आजाऱ्या माणसाची औषधं या भरवशावर नेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ९० दिवसांची बरोबर न्या, उरलेली नंतर मागवता येतात, तेव्हा पार्सलसोबत पासपोर्ट-व्हिसाची कॉपी, डॉक्टरांचं पत्र आणि प्रिस्क्रिप्शन लागतं. कुरिअरवाल्यांचे औषधांबाबतचे नियम सारखे बदलतात म्हणून ते निघायच्या आधीच विचारून ठेवा, तिसऱ्या महिन्यात गोळ्या संपत आल्यावर नाही.

डॉक्टरांचं पत्र म्हणजे रोजच्या घाईतली चिठ्ठी नव्हे. लेटरहेडवर, टाइप केलेलं, इंग्रजीत, वर पेशंटचं नाव पासपोर्टवर आहे तस्संच, खाली प्रत्येक औषधाचं मूळ नाव, किती एमजी, दिवसातून किती वेळा, कशासाठी, मुक्काम किती दिवसांचा, आणि शेवटी डॉक्टरांची सही, तारीख, रजिस्ट्रेशन नंबर. मूळ नाव म्हणजे आत जे औषध आहे त्याचं नाव, कंपनीने ठेवलेलं नाही. आपल्याकडची क्रोसिन तिथल्या माणसाला माहितीच नाही, आणि पॅरासिटामॉल म्हटलं तरी तिथे त्याला असिटामिनोफेन म्हणतात. दम्याचा अस्थालिनचा पंप असतो त्यातलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होतं. नाव माहिती नसलं की माणूस तिथल्या दुकानातून घेतलेली सर्दीची गोळी खातो, ज्यात तेच असिटामिनोफेन असतं, आणि वर आपली क्रोसिनही खातो, म्हणजे एकच औषध दोनदा पोटात जातं, लिव्हरला ते सोसत नाही.

आता सासऱ्यांची अ‍ॅसिट्रोम. हे मी मुद्दाम वेगळं काढतेय, नीट वाचा. रक्त पातळ ठेवायची ही गोळी, हिचं मूळ नाव असेनोकुमारॉल, अमेरिकेत मिळतच नाही, तिथे वॉरफेरिन वापरतात. संपली म्हणून एकीच्या जागी दुसरी त्याच एमजीची घेतली असं अजिबात चालत नाही, दोन्हींचा डोस वेगळा आणि बदलताना आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी रक्ताची तपासणी) पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. ज्यांना व्हॉल्व्ह बसवलाय त्यांची ही गोळी एक दिवसही तुटायला नको. निघायच्या आधी कार्डिओलॉजिस्टना भेटून विचारा की ५ महिने याच गोळीवर काढायचे का, तिथे आयएनआर कुठे करायचा आणि रिपोर्ट कोणाला पाठवायचा. नणंदेला हे आत्ताच कळवा म्हणजे ती तिथलं क्लिनिक बघून ठेवेल.

इन्सुलिन आणि रोजच्या सगळ्या गोळ्या हातातल्या बॅगेत, सीटजवळ. चेक-इन बॅगेत नाही म्हणजे नाही. बॅग दुसऱ्याच विमानात गेली तर काय हे एक, आणि सामानाच्या कप्प्यात थंडी इतकी पडू शकते की इन्सुलिन गोठतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी फुकट, दिसायला पूर्वीसारखंच दिसतं म्हणून जास्त धोक्याचं. चालू असलेलं पेन बाहेर ३० अंशांच्या आत साधारण ४ आठवडे चांगलं राहतं (तुमच्या पेनच्या खोक्यावर नेमके दिवस लिहिलेत ते बघा), न उघडलेली पेनं थंड पाऊचमध्ये, पण बर्फाची पिशवी थेट पेनाला टेकवू नका, मध्ये रुमाल गुंडाळा. सिक्युरिटीत मशीनमध्ये टाकायच्या आधीच सांगायचं की इन्सुलिन आहे, सुया आहेत, आणि पत्र पुढे करायचं. औषधाच्या बाटलीला ती १०० मिलीची अट लागत नाही, फक्त आपणहून दाखवा. विमानात पेनला सुई लावून ठेवू नका, हवेचे बुडबुडे शिरतात, टोचायच्या वेळी नवी सुई लावून २ युनिट बाहेर सोडून बघा आणि मग घ्या.

वेळेचं गणित राहिलं. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे जाताना तो एक दिवस तेवढा लांबतो. थायरॉईडची गोळी काही तास इकडेतिकडे झाली तर काही बिघडत नाही, पण रात्रीच्या इन्सुलिनचं तसं नाही. डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या: मुंबईच्या घड्याळाने शेवटचा डोस किती वाजता, तिथल्या घड्याळाने पहिला किती वाजता आणि किती युनिट. तोंडी सांगितलेलं १५-१६ तासांच्या प्रवासात, झोपमोड झालेल्या माणसाच्या लक्षात राहत नाही.

कुडाळहून एक काकू: लेक दुबईला असते, तिचं पहिलं बाळंतपण, मी २ महिने जातेय. माझ्या कंबरेतून पायात कळ जाते म्हणून रात्री प्रेगाबॅलिन असते, झोपेसाठी अल्प्राझोलाम अर्धी, आणि फारच दुखलं तर ट्रॅमाडोलची गोळी. लेकीसाठी डिंकाचे लाडू, मालवणी मसाला आणि बाळंतकाढा नेतेय. शेजारीण म्हणते तिच्या मुलाचं पण एक औषधाचं पाकीट न्या. काय काय चालेल?

काकू, बरं झालं निघायच्या आधी विचारलंत. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोळ्या तिकडे कंट्रोल्ड आहेत, म्हणजे त्यांच्यावर सरकारचं खास नियंत्रण आहे. आपल्याकडे डॉक्टरांनी लिहून दिल्या, दुकानातून बिलाने घेतल्या, तुमची काडीची चूक नाही, तरी परवानगीशिवाय तिकडे उतरलात तर चौकशी होऊ शकते. निघायच्या आधी संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारी औषध विभागाकडे ऑनलाइन अर्ज करून परवानगी घेता येते, त्याला पासपोर्ट, प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांचा रिपोर्ट जोडावा लागतो. लेकीला आणि जावयाला सांगा, ते तिथेच आहेत, त्यांना ते फॉर्म भरणं सोपं जाईल. परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय त्या गोळ्या बॅगेत भरू नका.

पण मला विचाराल तर त्याच्या आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा, महिनाभर आधी, आणि विचारा की यातली खरंच कोणती लागते. ट्रॅमाडोल कधीमधीच घेता म्हणताय, तिच्याऐवजी साधी पॅरासिटामॉल पुरेल का ते बघतील. अल्प्राझोलाम मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, रोज घेणाऱ्याने ती अचानक सोडली की झोप उडते, हात थरथरतात, काहींना फिट येते. ती सोडायची तर हळूहळू, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, म्हणूनच महिना म्हणते. प्रेगाबॅलिनचं असं होतं की लोक तिला साधी नसांची गोळी समजतात, मुंग्या येतात म्हणून दिलेली, तिच्यात काय वाईट असणार. पण इंग्लंडनेसुद्धा २०१९ पासून ती कंट्रोल्ड यादीत टाकलीय.

एक खूण सांगते, सगळ्यांनीच घरातल्या स्ट्रिप उलटून बघा. नावाजवळ लाल रंगात इंग्रजी एन, आर, एक्स अशी अक्षरं दिसली तर ते औषध आपल्या देशातच अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, ट्रॅमाडोल २०१८ पासून त्यात आहे. अशी गोळी घेऊन कोणत्याही देशात जायचं असेल तर त्या देशाचा नियम आधी बघायचाच. पण लाल अक्षरं नाहीत म्हणजे सगळीकडे चालतं असंही समजू नका. नियम न बघता गेलं की काय होतं बघा, २०१७ मध्ये एक ब्रिटिश बाई ट्रॅमाडोलच्या २९० गोळ्या घेऊन इजिप्तला उतरली, तिथल्या तिच्या माणसाच्या पाठदुखीसाठी आणल्या असं ती सांगत होती, तिला ३ वर्षांची शिक्षा झाली.

आता लाडू. काकू, डिंकाच्या लाडवात खसखस घालता ना? मालवणी मसाल्यात तर असतेच. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, सौदीतही, कारण ती अफूच्या बोंडातून निघते, आपण बाळंतिणीला प्रेमाने खाऊ घालतो हे तिथल्या कायद्याला माहिती नाही. लाडू न्या, खुशाल न्या, पण खसखस वगळून करा, आणि ज्या कढईत, ज्या डब्यात खसखस होती तो डबाही वापरू नका, चार दाणे कोपऱ्यात चिकटलेले राहतात. मसाला यावेळी खसखशीशिवाय वेगळा कुटून घ्या. बाळंतकाढा सीलबंद, कंपनीचं लेबल असलेला, घटकांची यादी छापलेला असेल तरच. वैद्यांनी पुडीत बांधून दिलेलं चूर्ण नको, बिननावाची पूड बघून कोणालाही शंका येणारच. आणि आयुर्वेदिक कोणतंही औषध नेताना लेबलवर विजया हा शब्द आहे का बघा. विजया म्हणजे भांग. आपल्याकडे ती लायसन्सवर औषधात चालते, तिकडे नाही.

शेजारणीचं पाकीट: नाही. तुम्हाला तोंडावर नाही म्हणायला जड जाईल हे मला कळतं, एका आळीत राहायचं असतं. माझं नाव सांगा. २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं नातेवाईकाने दिलेलं पाकीट घेऊन दोह्याला गेलं, त्यात चरस निघाला, त्यांना काहीच माहिती नव्हतं, १० वर्षांची शिक्षा झाली आणि निर्दोष ठरून परत यायला २०२१ उजाडलं. शेजारीण तसली नाही हे मान्य, पण तिने भरलेल्या पाकिटात कंट्रोल्ड गोळी असली तर बॅग तुमची, नाव तुमचं, सही तुमची.

पुण्याहून एक बाबा: मुलगा जपानी शिकून आता नोकरीसाठी ओसाकाला चाललाय. त्याला सर्दी फार होते, इथून सर्दी-खोकल्याची औषधं भरपूर देऊ का?

भरपूर नको. जपान औषधांबाबत फार कडक आहे आणि तिथे सर्दीच्या औषधावरच माणूस अडकू शकतो. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेलं औषध तिथे नेता येत नाही, खोकल्याच्या काही औषधांत कोडिन असतं त्यालाही मर्यादा आहे, आणि अ‍ॅम्फेटामिनची औषधं तर डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी साफ बंद. साधी प्रिस्क्रिप्शनची औषधं १ महिन्यापर्यंतची चालतात, त्याहून जास्त असतील तर निघण्याआधी त्यांच्या आरोग्य खात्याकडून युन्यू काकुनिन-शो नावाचा कागद काढावा लागतो, मुलाला जपानी येतं तर त्याला हे सहज जमेल. आणि तो तिथे गेल्यावर मागाहून पार्सलने गोळ्या पाठवायची चूक करू नका. २०१५ मध्ये एका बड्या मोटार कंपनीच्या अमेरिकन अधिकारी बाईंना टोकियोत अटक झाली ती अमेरिकेहून पोस्टाने आलेल्या ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाच्या ५७ गोळ्यांवरून. त्यांच्यावर पुढे खटला चालला नाही, पण नोकरी गेलीच. वाफ, मीठ-पाण्याच्या गुळण्या आणि थोडी पॅरासिटामॉल द्या, बाकी सर्दीचं औषध तो तिथल्या दुकानातून घेईल.

सातारा जिल्ह्यातून एक काका: वय ६२, शुगर आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. यंदा आळंदी ते पंढरपूर पायी वारी करायचीच असं मनात आहे. मुलं नको म्हणतात. औषधांचं कसं करू?

काका, मुलांना रागावू नका, त्यांना तुमची काळजी आहे. पण तयारी नीट केली तर शुगरवाले वारकरी वारी करतात, आमच्याकडून दरवर्षी औषधं घेऊन जाणारे आहेत. निघायच्या १५-२० दिवस आधी डॉक्टरांना भेटा आणि त्यांना सांगा की मी अडीचशे किलोमीटर चालणार आहे. रोज एवढं चालणाऱ्याला घरातल्याइतकं इन्सुलिन लागेलच असं नाही, तोच डोस चालू ठेवला तर दिवेघाटाच्या चढावर शुगर धाडकन खाली येऊ शकते. किती कमी करायचं हे ते सांगतील, मी नाही.

दिंडीत काय होतं बघा. मोठं सामान ट्रकमध्ये जातं आणि ट्रक पुढच्या मुक्कामाला आधी जाऊन थांबतो, तुम्ही मागे चालत. म्हणजे तुमचं औषध ट्रकमध्ये असेल तर दिवसभर ते तुमच्यापाशी नाहीच. म्हणून आजचा आणि उद्याचा डोस, मीटर, पट्ट्या, सुया आणि साखर हे सगळं अंगावरच्या शबनममध्ये, आणि बाकीचा साठा ट्रकमध्ये. साठ्यासाठी फ्रिज लागत नाही. लहान मातीचं मडकं घ्या, त्यात इन्सुलिन पिशवीत घट्ट बांधून डब्यात ठेवा, मडक्याला बाहेरून फडकं गुंडाळून ते ओलं ठेवा आणि सावलीत, वारा लागेल असं. पाणी उडून जाताना आतला गारवा टिकतो, आपल्या आज्या लोणी असंच ठेवायच्या. फक्त ट्रकच्या टपावर किंवा इंजिनाजवळ नको. शबनममधलं पेन ओल्या रुमालात गुंडाळून, पण त्याआधी छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, नाहीतर लेबल भिजून नाव जातं.

घाम फुटला, हात कापायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड झाली की थांबायचं, ३ चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि मग भाकरी-बिस्किट काहीतरी खायचं. शेंगदाण्याचा लाडू यावेळी नको, तेलामुळे साखर रक्तात यायला उशीर लागतो. बरोबर चालणाऱ्या दोघांना हे आधीच सांगून ठेवा कारण त्या वेळी आपल्याला सुचत नाही.

एकादशीचा उपास. पांडुरंगासाठी चालत गेलेल्या माणसाला मी उपास सोडा म्हणणार नाही, पण उपाशी पोटी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेतली तर शुगर उतरते आणि दिवसभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर चढते, म्हणून त्या एका दिवसाचा डोस डॉक्टरांकडून वेगळा लिहून घ्या. तसंच जुलाब-उलट्या झाल्या तर कोणती गोळी थांबवायची हेही. मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या, टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या, लघवीची गोळी यांच्यामुळे अंगातलं पाणी कमी झालेलं असताना किडनीला त्रास होऊ शकतो. इन्सुलिन मात्र जेवण गेलं नाही म्हणून आपल्या मनाने पूर्ण बंद करायचं नाही.

पाय रोज रात्री बघा. अनवाणी चालायचा नवस असेल तर माउलींची क्षमा मागा आणि मऊ बूट घाला, शुगरवाल्याला काटा रुतलेला कळत नाही. वाटेवर सरकारी आरोग्य पथकं असतात, फोड आला की तिथेच दाखवा, पंढरपूर गाठू मग बघू असं नको. आणि गळ्यातल्या तुळशीमाळेबरोबर एक छोटं कार्ड अडकवा: नाव, शुगर आहे, इन्सुलिन घेतो, घरचा नंबर. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत जमवा, रस्त्यात टाकू नका, मागून हजारो पाय येत असतात.

कोल्हापूरच्या वाचक: आम्ही दोघं केदारनाथला हेलिकॉप्टरने जाणार आहोत. कोणी म्हणतं उंचीवरचा त्रास टाळायला डायमॉक्स घ्या. यांना बीपी आहे.

केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे आणि हेलिकॉप्टरने काही मिनिटांत वर पोचता, म्हणजे अंगाला सवय व्हायला वेळच मिळत नाही. डायमॉक्स उपयोगी आहे पण ते प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे, चढायच्या आदल्या दिवसापासून सुरू करतात, वर जाऊन डोकं दुखायला लागल्यावर नाही. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं होतं, त्याला घाबरू नका, पण त्यासाठी पाणी पिणं बंद करू नका. बीपीची गोळी सकाळी नेहमीप्रमाणे, ती खालच्या हॉटेलात विसरू नका कारण हवा बिघडली की हेलिकॉप्टर उडत नाही आणि एका दिवसाचे तीन दिवस होतात. त्या तीन दिवसांच्या गोळ्या खिशात हव्यात. दम लागला, खोकला सुटला, चालताना झोक जायला लागला तर दर्शन राहिलं तरी चालेल, ताबडतोब खाली उतरा.

अकोल्याहून एक वहिनी: माझ्या मिस्टरांना फिट येते, दोन गोळ्या चालू आहेत. मागच्या महिन्यात पुण्याला जाताना रेल्वेत बॅग चोरीला गेली, त्यातच औषधं. स्टेशनजवळच्या दुकानदाराने चिठ्ठीशिवाय द्यायला नकार दिला, दोन डोस चुकले आणि संध्याकाळी त्यांना फिट आली. आता दिवाळीत पुन्हा जायचंय, मला भीतीच बसलीय.

वहिनी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्या दुकानदाराला नियमाने देता आलं नसतं हे खरं, पण तुम्हाला बसवून घेऊन जवळचा दवाखाना दाखवता आला असता, तुमच्या डॉक्टरांना फोन लावून देता आला असता. तेवढं आम्ही दुकानदारांनी केलंच पाहिजे.

फिटच्या औषधांचे एक-दोन डोस चुकले तरी फिट येऊ शकते, तुम्ही ते बघितलंत. म्हणून यावेळी औषधं दोन भागांत करा, अर्धी त्यांच्या कमरेच्या पाउचमध्ये, अर्धी तुमच्या पर्समध्ये, आणि जितके दिवस जाणार त्याहून आठवडाभराची जास्त. प्रिस्क्रिप्शनचा फोटो आणि प्रत्येक स्ट्रिपचा पुढून-मागून फोटो दोघांच्या फोनमध्ये, शिवाय पुण्यात ज्यांच्याकडे उतरता त्यांनाही पाठवून ठेवा, फोन पण चोरीला जाऊ शकतो. पुन्हा असं झालंच तर आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा, २०२० पासून डॉक्टरांना फोनवर बोलून व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठी पाठवता येते, त्यावर तारीख, सही, रजिस्ट्रेशन नंबर असला की दुकानदार देतो. पण क्लोबाझाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या अशा फोनवरच्या चिठ्ठीवर द्यायला दुकानदार नाही म्हणू शकतो, तसं झालं तर थेट सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली तर मूळ नाव आणि एमजी जुळवून घ्या, काहीच न घेण्यापेक्षा ती बरी, आणि घरी आल्यावर डॉक्टरांना सांगा.

गाडीत फिट आली तर त्यांना कुशीवर वळवा, डोक्याखाली शाल ठेवा, आजूबाजूचं टणक सामान लांब करा. तोंडात चमचा, पाणी, गोळी काही नाही. कोणी कांदा किंवा चप्पल हुंगवायला आलं तर हात जोडून थांबवा. ५ मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर रेल्वेचा १३९ लावा, ते पुढच्या स्टेशनवर डॉक्टरांना बोलावतात, रस्त्यावर असाल तर १०८.

आणि त्यांच्या शर्टच्या खिशात कायम एक चिठ्ठी असू द्या: नाव, फिट येते, दोन्ही औषधांची मूळ नावं आणि एमजी, तुमचा नंबर. मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहा, ती ज्याच्या हातात पडेल त्याला मराठी येत असेलच असं नाही.